चेन धरणारी

“चेन हातात आली की मागं बघायचं न्हाई. पोरगं रडलं तरी न्हाई.”

शनिवारी सकाळी पान्याला हात लावण्याआधीच गॅरेजवाल्या कडूबाईने हे बजावलं होतं आणि निकिताने ते हसण्यावारी नेलं होतं. म्हाताऱ्या बायकांचं असं काही ना काही असतंच. पोटुशीने ग्रहणात सुई धरू नये, तिन्हीसांजेला केर काढू नये, तसंच हेही. बी. एस्सी. झालेल्या मुलीने त्यातलं मनावर घ्यायचं तरी किती?

ती तेव्हा व्हॅनच्या मधल्या सीटवर बसली होती. पुढच्या दोन्ही सीटा काढून बाभळीखाली ठेवल्या होत्या, त्यामुळे एरवी सीटांखाली लपलेलं इंजिन उघडं पडलं होतं. व्हॅनच्या सरकत्या दारालगत, शेडच्या आडव्या पाइपाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती आणि झोळीत नऊ महिन्यांची पंकजा झोपली होती. झोळीची दोरी निकिताच्या पायाच्या अंगठ्याला. पाय हलला की झोळी हले.

पंकजा झाल्यापासून निकिताला कशाचीच खात्री वाटेनाशी झाली होती. बाळ झोपलं की नाकासमोर बोट धरून श्वास बघायचा. दार लावलं की परत येऊन कडी बघायची. शाळेपाशी व्हॅनमधली अकराही पोरं उतरली की रिकाम्या सीटांखाली वाकून बघायचं. हर्षल, तिचा नवरा, म्हणायचा, “एखादं पोर सीटखाली चिकटून राहतं का गं?” ती म्हणायची, “नाही राहत. तरी बघते.”

ही व्हॅन तिचीच. म्हणजे कागद हर्षलच्या नावाचे, पण दोन वर्षं स्टेअरिंग तिच्या हातात. चार वस्त्यांवरची पोरं गोळा करायची, नऊ किलोमीटरवरच्या शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. ज्या वस्त्यांवरची माणसं कोयता घेऊन कारखान्याला जातात, तिथली पोरं आजीआजोबांपाशी राहतात. व्हॅन आली नाही तर ती शाळेला जात नाहीत, बांधावर बसून राहतात. बुधवारी पोरं भरलेली असताना तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, मागून पांढरा धूर निघाला आणि गाडी बंद पडली. निकिताने पोरांना ओळीने चालवत शाळेत नेलं, सर्वांत लहान रंगूला कडेवर घेऊन.

सासरे, गोरक्षआण्णा, त्या दिवशी ओट्यावरच म्हणाले, “बाईच्या हातात ष्टेअरिंग दिलं, तवाच मला ठावं हुतं.” कर्जतच्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी सांगितलं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या डोक्यामधली पट्टी, गेलं, इंजिनच बदला, तेही आठवड्यानंतर. आण्णांनी भंगारवाल्या कल्याणला फोन लावला. सोमवारी सकाळी तो टेम्पो घेऊन येणार होता. तोवर गाडी चालू झाली तर ठीक, नाहीतर निकिताने घरी बसावं, पोर सांभाळावं, असं ठरलं. ठरवताना तिला कुणी विचारलं नाही.

मग तिने विचारलं, कडूबाईला.

कर्जतहून राशीनला जाताना बाभूळफाट्यावर कडूबाईची शेड आहे. पाटीवर अजून ‘हनुमंत मोटर गॅरेज’ असंच लिहिलंय. हनुमंत मिस्त्री जाऊन चौदा वर्षं झाली. दहाव्याला दीर म्हणाले होते, वैनी, पाने विकून टाका. कडूबाई म्हणाली होती, “पान्याला बाई-बाप्या कळत न्हाई. नट तेवढा कळतो.” वीस वर्षं ती नवऱ्याला बॅटरी धरत आली होती, पाना देत आली होती, इंजिनाची चेन धरत आली होती. धरता धरता सगळं काम तिच्या हातात येऊन बसलं होतं. पण हल्ली वर्षभर तिच्याकडे कुणी इंजिन आणलं नव्हतं. पंक्चर, हवा, फार तर ब्रेक.

“उद्या आण ओढून,” ती निकिताला म्हणाली होती. “सकाळी आण, थंड असताना. गरम हेड खोलत न्हाईत, वाकतंय.”

आणि आता तिने झंपरातून एक इवलीशी बाटली काढली. लालभडक.

“मावशी, तुम्ही नखपॉलिश लावता?”

“लावते की. इंजिनाला.”

वरचं झाकण निघालं होतं. आत दातांची चक्री आणि तिच्यावरून खाली काळोखात उतरणारी चेन. कडूबाईने पिस्टन वर आणून ठेवला, चेनीची एक कडी पुसून तिच्यावर लाल ठिपका दिला आणि तसाच ठिपका चक्रीच्या दाताला.

“आता ध्यान दे. खालच्या चक्रीवर पिस्टनचा कारभार, वरच्या चक्रीवर व्हॉल्वचा. दोघींचा मेळ ह्या एका चेनीवर. पिस्टन वर आला की व्हॉल्वनं गप दार लावून आत बसायचं. न्हाई बसला तर पिस्टन त्याच्या थोबाडीत हानतो. व्हॉल्व वाकला की मंग कल्यानलाच बोलवायचं.”

“आणि हेड काढताना चेनीचं काय?”

“चक्री काढली की चेन मोकळी. तिला तार बांधायची आन् वर तानून धरायची. ढिली पडली की खाली चक्रीवरून सरकती. तिथं डोळा पोचत न्हाई.” तिने तारेचं टोक निकिताच्या हातात दिलं. “धर. मी नट खोलते. मागं बघू नगं.”

निकिताने धरली. कडूबाई कडेच्या बोल्टापासून मधल्याकडे थोडं थोडं करत बोल्ट सोडत गेली. हेड उचललं, चेन त्याच्या खाचेतून अलगद बाहेर आली, तार छताच्या कडीला बांधली गेली. पंकजा शहाण्यासारखी झोपून राहिली. जुन्या गॅस्केटवर दोन सिलिंडरांच्या भोकांमध्ये काळी चीर होती.

“हे बघ तुझं दुखनं,” कडूबाई म्हणाली. “एवढुसं.”

हर्षलने हेड फटफटीवर बांधून कर्जतला लेथवर फेसिंगला, तळ घासून सपाट करायला, नेलं. बायका चहाला बसल्या. कडूबाईने स्टोव्हवरचं उकळतं पातेलं नुसत्या हाताने उतरवलं, सावकाश.

“अहो, फडकं!”

“मला चटका बसत न्हाई आता. साखरेची देन.” ती हसली.

निकिताला हसू आलं नाही. मघापासून ती एक गोष्ट बघत होती. कडूबाईच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायातली बाभळीपाशी निसटून पडली होती आणि तासभर कडूबाईला त्याचा पत्ता नव्हता. निकिताने उठून ती चप्पल आणली, तिच्या पायापुढे ठेवली.

“आगं बया, कवा पडली?” म्हणत कडूबाईने पाय सरकवला आणि झोळीकडे मान केली. “माझी सुरेखा ह्याच पायपाला झोपायची. एकदा एका डॉक्टरच्या मोटारीचं हेड काढलेलं, चेन माज्या हातात. ही लागली रडाया. धनी म्हनले, हलू नगं. न्हाई हलले. रडून रडून आवाज बसला लेकीचा.”

“मग?”

“मंग काय. मोटार एका सेल्फात चालू झाली.” तिने बशी तोंडाला लावली. “पिंपरीला असती आता. दिवाळीला करती फोन.”

रविवारी दुपारी हेड परत बसवायचं होतं. नवं गॅस्केट घातलं. हर्षल आणि कडूबाईने हेड दोन्हीकडून उचललं, तार खाचेतून वर घेतली आणि पुन्हा निकिताच्या हातात दिली. हर्षल पान्यांची पेटी आणायला गेला. कडूबाई पहिल्या बोल्टाला तेल लावत होती.

तेवढ्यात पंकजा किंचाळली. भुकेचं रडणं नव्हतं ते, काहीतरी टोचल्याचं होतं.

निकिताची मान वळली. मान वळली हे तिला नंतर कळलं. दोरीची गाठ सरकून बाळाच्या गालाखाली आली होती. तिने डावा हात लांबवून गाठ बाजूला केली, गाल चोळला. उजव्या हातात तार होतीच. पण खाली कुठेतरी, काळोखात, कट् कट् असं झालं. अगदी बारीक, दाताखाली खडा यावा तसं.

तिने तार ताणली. चेन ताठ झाली. सगळं जिथल्या तिथे दिसलं. कडूबाईची पाठ होती. निकिताने तोंड उघडलं आणि मिटलं. तारेला काय होतंय, ताणलेलीच तर आहे.

बोल्ट आवळले गेले, या खेपेला मधून कडेकडे, तीन हप्त्यांत. चक्री बसवताना ती ज्यावर बसते तो वरचा दांडा जरासा फिरवून घ्यावा लागला. “लेथवर हालला आसल,” कडूबाई म्हणाली. डोळे बारीक करून तिने लाल ठिपक्याला लाल ठिपका लावला. जुळला. चक्री बसली. निकिताने सुस्कारा सोडला. म्हणजे काही झालं नव्हतं.

आणि फाट्यावरून टेम्पो वळला. पुढे कल्याण, शेजारी आण्णा.

“सोमवारचं ठरलं होतं ना?” निकिता म्हणाली.

“कल्यान आज मोकळा हुता,” आण्णा खाली उतरले. “झालं ना काम? मंग मार सेल्फ. चालू झाली तर तुझी. न्हाई झाली तर आत्ताच बांधतो टेम्पोला. उगं उद्याची बात नगं.”

कडूबाई हात पुसत पुढे आली. “आदी हातानं दोन फेरे. मंग सेल्फ.”

“मावशी, आता कोन फिरवतंय हातानं?” कल्याण हसला. “सेल्फ मंग कशाला दिलाय कंपनीनं?”

“तुज्याकडं गाडी मेल्यावर येती कल्याना, माज्याकडं जिती येती. तुला कशाला लागत्यात फेरे?”

हर्षलला हसू फुटलं, आण्णांकडे बघून त्याने ते गिळलं. कडूबाईने लांब पाना उचलला आणि निकिताच्या हातात देताना तोंड तिच्या कानापाशी नेलं. “तूच सरक खाली. माज्या बोटांना आता कळत न्हाई.”

एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता.

निकिता पोत्यावर उताणी होऊन व्हॅनखाली सरकली. वरची माणसं गेली, उरले नुसते पाय. आण्णांचे कातडी जोडे, कल्याणचे बूट, हर्षलचे सँडल. कडूबाईची एक चप्पल, दुसरा पाय आजही मोकळा. त्या मोकळ्या पायाची टाच जरा उचललेली होती आणि टाचेवर रुपयाएवढा फोड फुटून लाल झाला होता, मातीने भरला होता. कधी भाजलं असेल? आणि ही त्याच पायावर सकाळपासून उभी आहे.

तिने पुलीच्या नटाला पाना लावला आणि हळूच ओढला. इंजिन फिरलं. जड, तेलकट, पण फिरलं. पाव फेरा. अर्धा. आणि थांबलं.

गंजलेला नट अडतो तसं ते अडणं नव्हतं. दाराआड कुणीतरी उभं असावं आणि दार त्याला लागावं, तसं.

“अडतंय,” ती खालूनच म्हणाली.

“कॉम्प्रेशन हाय ते,” कल्याणचे बूट म्हणाले. “हवा दाबती. जोर लावा वैनी, बाईमानसाचा हात पुरत न्हाई.”

निकिताने क्षणभर पाना तसाच धरला. “प्लग काढून ठेवलेत. चारही भोकं उघडी आहेत. हवा दाबली जाईलच कशी?”

बूट जरा मागे सरकले.

“लई झालं शिक्षान,” आण्णा ओरडले. “हर्षल, जा आत, लाव किल्ली!”

सँडल दाराकडे वळले.

“किल्लीला हात लावायचा नाही!”

हा आवाज आपलाच का, असं तिला वाटलं. सासऱ्यांसमोर ती आजवर ‘हो आण्णा’च्या पलीकडे गेली नव्हती. सँडल होते तिथे थांबले. ती सरपटत बाहेर आली, कपाळावर ग्रीस, केसात माती, आणि उभी राहून म्हणाली, “माझ्या हातून चेन ढिली पडली होती. दुपारी. पंकजा रडली आणि मी मागे बघितलं. खाली कट् कट् झालेलं मला ऐकू आलं होतं. मी बोलले नाही. किल्ली लावली तर व्हॉल्व वाकतील.”

 मग आण्णांनी कल्याणकडे बघून हात पसरले. “बघ. म्हनलं नव्हतं? बाईच्या हातात—”

“गोरखभाऊ,” कडूबाईने मध्येच तोडलं, “आपली चूक आपल्या तोंडानं सांगनारा मेस्तरी म्या तीस-पस्तीस वर्सांत बघितला न्हाई. हिला आज पयल्यांदा बघते. आता गाडी माज्या शेडमदी हाय. जवर मी म्हनत न्हाई तवर ती भंगारात जात न्हाई. तुमाला घाई आसल तर टेम्पो मोकळा न्या.”

मग ती निकिताकडे वळली आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं बोलली. निकिताने शिव्यांची तयारी ठेवली होती.

“बघितलंस व्हय मागं?”

“हो.”

“कशानं रडली हुती?”

“दोरीची गाठ गालाखाली आली होती.”

“काढलीस?”

“काढली.”

कडूबाई झोळीकडे बघत राहिली. पाइपाकडे म्हणा. “बरं केलंस,” ती म्हणाली. “चेन परत लावता येती.”

लगेच तिचा आवाज पुन्हा मोठा झाला. तिने झोळीतून पंकजाला उचललं आणि थेट आण्णांच्या हातात दिलं. “धरा नातीला. आमाला हात कमी पडत्यात. हर्षल, तू ये, तार धर. मागं बघू नगं रे बाबा, आता तुझा बाप रडला तरी बघू नगं!”

कल्याणच पहिल्यांदा हसला. टेम्पोच्या फळीवर बसून त्याने तंबाखूची डबी काढली. त्यालाही आता बघायचंच होतं.

चक्री पुन्हा निघाली. कडूबाईने पेट्रोलचा बोळा घेऊन दोन्ही लाल ठिपके पुसून टाकले. “ही आपली खून हुती, खाली चेन सरकली तशी ती खोटी पडली. आता कंपनीची खून बघायची. पुलीला एक रेघ आसती, हेडाला एक खाच. मला दिसत न्हाई. तू हुडीक.”

निकिताने मोबाईलच्या उजेडात शोधली. नखाने घाण खरवडल्यावर तांदळाच्या दाण्याएवढी खाच दिसली. पुलीची रेघ इंजिनावरच्या शून्याच्या खुणेवर आणली, वरच्या दांड्याची खूण खाचेशी आणली, हर्षलने चेन ताणून धरली, आणि चक्री तिने स्वतः बसवली. दोन दात. दोन दातांचाच फरक पडला होता. कडूबाई हात मागे बांधून उभी होती. तिचे ओठ हलत होते.

मग निकिता पुन्हा पोत्यावर. पाव फेरा, अर्धा. जिथे अडलं होतं तिथे तिने श्वास रोखला. पाना पुढे गेला. एक फेरा. दुसरा. रेघ परत शून्यावर आली, दांड्याची खूण खाचेवर. तिने आणखी दोन फेरे दिले. कुणी सांगितले नव्हते.

प्लग बसले, तेलपाणी झालं, सीटा लागल्या. पहिल्या सेल्फाला गाडी खोकली. आण्णांनी मान वळवली. दुसऱ्याला इंजिन सुरू झालं आणि मग एकसारखं चालू राहिलं, पिंपळपानावर वारा वाजावा तसं. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला.

कल्याणने तंबाखू थुंकली, टेम्पो वळवला आणि मोकळाच घेऊन गेला. आण्णा टेम्पो दिसेनासा होईतो बघत राहिले. मग कडेवरच्या नातीला म्हणाले, “उद्या पोरास्नी उशीर व्हाया नगं. न्हाईतर शाळावाले म्हनायचे, गाडी असून येत न्हाईत.”

निकिताने बादली आणली, कडूबाईला खाली बसवलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला.

“आगं काय करती? मला कुठं दुखतंय?”

“तेच तर,” निकिता म्हणाली आणि टाच धुवायला लागली.

तेव्हापासून निकिता रोज दोनदा त्या शेडवरून जाते. दोनदा हॉर्न देते. आतून पाना वर होतो. नाही झाला तर ती गाडी कडेला घेते, पोरांना “जाग्यावर बसा” म्हणते आणि आत जाऊन येते. शेडमध्ये आता झोळी नाही, पण दोरी पाइपाला अजून आहे.

पण मे महिन्यात शाळा बंद असते. व्हॅन अंगणात उभी राहते आणि निकिता पंकजाला घेऊन नेवाशाला माहेरी जाते. तिथून ती फोन लावते, पण कडूबाईला तो धड उचलता येत नाही. बटण दाबलं गेलं की नाही हे तिच्या बोटांना समजत नाही. आणि मे महिन्यात बाभूळफाट्यावरचं डांबर इतकं तापतं की चप्पल चिकटून पायातून निघते.

तेव्हा तुम्ही जर त्या दिवसांत कर्जतहून राशीनकडे निघालात, तर बाभूळफाट्याला जरा थांबा. दोनदा हॉर्न द्या. पाना वर झाला नाही तर उतरा. झाला तरी उतरा. टायरमध्ये हवा आहे की नाही हे बघायला सांगा, म्हणजे ती बाहेर येईल. बोलण्यात ती तुम्हाला हरवेल, हरा. आणि ती वाकली की तिच्या टाचांकडे नीट बघा. दोन्ही टाचा बघा. लागलेलं तिला कळत नाही.